दोनशे बारावं पान

मित्रांनो, जुन्या पुस्तकाला वय विचारू नये, त्याची पाठ बघावी. माझ्या पाठीवर आजवर तीन कापडं चढली. पहिलं लाल होतं, दुसरं तपकिरी. आता आहे ते लष्करी हिरवं, एका सुभेदाराच्या जुन्या पँटचं. ते माझ्या अंगावर कसं आलं, ते सांगायला बसलो तर थोडं रक्तही सांगावं लागेल. तुम्ही घाबरट असाल तर आत्ताच पान मिटा. मी रागावणार नाही.

मी एक कादंबरी आहे. नाव 'अकरावं पथक'. पुण्यात एका बोळातल्या छापखान्यात माझा जन्म झाला. हणमंत नावाचा माणूस अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक उचलून माझे शब्द जुळवायचा. माझं शेवटचं पान, दोनशे बारावं, त्याला मुळीच आवडलं नाही, कारण त्यावर फक्त अकरा ओळी आल्या होत्या.

"अकरा ओळींसाठी आख्खं पान वाया घालवायचं?" तो लेखकांवर करवादला.

"अहो, त्या अकरा ओळींसाठीच तर आधीची दोनशे अकरा पानं लिहिली," लेखक म्हणाले.

हे बोलणं मी ओली शाई अंगावर असताना ऐकलं आणि कायमचं लक्षात ठेवलं. प्रत्येक पुस्तकाला आपला एखादा अवयव जास्त प्रिय असतो. माझा हा असा.

माझ्या पोटातली गोष्ट थोडक्यात सांगतो. दूर एका गोठलेल्या चंद्रावर माणसांच्या दोन वसाहती एकमेकींचा जीव घेत असतात. मोठ्या माणसांचे हात यंत्रांपुढे हळू पडतात, म्हणून सेनापती हुशार मुलं निवडून आणतात. अकरा मुलं, नऊ ते तेरा वर्षांची. त्यांच्या बोटांखाली यंत्रांच्या कळी असतात. कळ दाबली की दूर कुठेतरी एक भिंत फुटते आणि माणसं उघड्या पोकळीत फेकली जातात. मुलांचा नायक ईशान बारा वर्षांचा आहे आणि युद्धात त्याचा हात कुणी धरू शकत नाही. दोनशे अकराव्या पानावर तो शत्रूच्या वसाहतीची हवाच तोडतो. तिथले दिवे एकेक करून विझतात, ईशान मूठ उंचावतो आणि अकराही मुलं ओरडतात, 'जिंकलो!' पान उलटलं की माझ्या त्या अकरा ओळी. त्या आत्ता सांगत नाही.

एक्क्याण्णव साली मी एका ट्रंकेतून लखनौला आलो. तिथे मराठी मंडळाचं वाचनालय होतं. वाचनालय म्हणजे महानगर नावाच्या वस्तीतल्या एका घराची बाहेरची खोली, दोन लोखंडी कपाटं आणि मधुकरकाका. काका रेल्वेच्या ऑफिसात नकाशे काढून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांचं सगळं काम रेघेत. रविवारी दहा ते बारा ते टेबलाशी बसत, आणि टेबलामागे भिंतीवर त्यांच्या हातचे दोन नियम लावलेले होते. 'अभिप्राय लिहिल्याशिवाय पुढचं पुस्तक मिळणार नाही.' आणि 'लिहिलेला अभिप्राय खोडायचा नाही.'

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी काका आखलेला कागद चिकटवायचे. पुस्तक परत करताना वाचकाने तिथेच उभं राहून दोन ओळी लिहायच्या. मोठमोठे अधिकारीसुद्धा शाळेतल्या मुलासारखे पेनचं टोपण चावत उभे असत. मला फार गंमत वाटायची.

माझ्यावरचा पहिला अभिप्राय चंद्रशेखर नावाच्या एका गृहस्थांचा. 'चंद्रावरील तापमानाचा आकडा साफ चुकला आहे. बाकी ठीक.' दुसरा लतिकाबाईंचा. या जानकीपुरम वस्तीत राहणाऱ्या, नवरा विनय रेल्वेत इंजिनिअर. त्यांनी लिहिलं, 'मारामारी वाचवत नाही. पण मुलांना जरूर द्यावे. मात्र शेवट होईपर्यंत हातातून काढून घेऊ नये.' एवढं लिहून त्या थांबल्या नाहीत. मंडळाच्या बैठकीत भांडून त्यांनी मला मोठ्यांच्या कपाटातून मुलांच्या कपाटात आणलं.

आणि एक अभिप्राय जयसिंग यांचा. हे साताऱ्याकडचे, फौजेत सुभेदार. सुट्टीवर आले असताना त्यांनी मला एका बैठकीत संपवलं. पेन घट्ट धरून, कागदाला खळगे पडतील असं दाबून त्यांनी लिहिलं, 'बाकी सगळं कल्पनेतलं. शेवटचं पान मात्र खरं आहे.'

ते वाक्य लिहिलं गेलं तेव्हा मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू! छापखान्यातल्या हणमंतला बोलावून दाखवावंसं वाटलं. याच वाक्याने पुढे काय केलं ते कळलं असतं, तर मी ती शाई पिऊनच टाकली असती.

शहाण्णव साली माझा अभिप्रायाचा कागद भरला. काकांनी वार्षिक तपासणीच्या रविवारी चाळीस पुस्तकं टेबलावर रचली. कणकेची खळ केली, कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घातलं, आणि नवे कागद चिकटवायला बसले. त्यांचा चष्मा त्या दिवशी कपूरथला चौकातल्या दुकानात काच बसवायला दिलेला होता. पण काम उद्यावर टाकणं हा त्यांचा स्वभावच नाही. बहुतेक पुस्तकांच्या अखेरच्या पानावर प्रकाशकाची जाहिरात असते आणि खाली बरीच जागा मोकळी असते. वेगळं पान जोडावं लागू नये म्हणून ती जाहिरात झाकून तिथे अभिप्रायाचा कागद लावायची त्यांची रीतच होती. माझ्या शेवटच्या पानावर त्यांना वरच्या बाजूला चार बोटं धुरकट छपाई दिसली, खाली कोरं.

काकांनी खळीचा बोळा फिरवला. चारी कोपरे अंगठ्याने नीट दाबले. इतक्या प्रेमाने माझं तोंड कुणी बंद केलं नसेल.

त्या दिवसापासून माझी गोष्ट 'जिंकलो!' या शब्दावर संपू लागली. पान उलटलं की समोर थेट वाचकांची मतं. आणि मतं बघता बघता बदलली. 'झकास! मारामारी भरपूर.' 'ईशान ग्रेट आहे.' 'दुसरा भाग कधी येणार?' कुणाला काही राहिल्यासारखं वाटलंच नाही. ज्यांनी अकरा ओळी वाचल्या होत्या ते मोठे लोक मला पुन्हा कशाला उघडतील? मी कपाटात बसून मनातल्या मनात ओरडायचो. पुस्तकाचा आवाज म्हणजे वाचणाऱ्याचे डोळे, आणि त्या डोळ्यांपुढे खळ सुकलेली.

मग रणजित आला. सुभेदार जयसिंग यांचा मुलगा, तेरा वर्षांचा, नखं कुरतडायची सवय. आई चंद्रप्रभा आणि तो जानकीपुरममध्ये लतिकाबाईंच्या शेजारीच भाड्याने राहायचे. सन नव्व्याण्णवचा उन्हाळा होता. जयसिंग सरहद्दीवर बर्फात होते आणि लढाई पेटली होती. घराघरात टीव्हीवर तोफा धडाडत होत्या, तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या उतरत होत्या. चंद्रप्रभा टीव्ही लावू देत नसत, म्हणून रणजित लतिकाबाईंकडे जाऊन बघायचा आणि घरी येऊन मला उघडायचा. त्याने मला चार वेळा वाचलं.

पहिल्यांदा दोनशे अकरावं पान संपवून त्याने पान उलटलं आणि समोरच्या जुन्या कागदावर त्याला बाबांचं अक्षर दिसलं. 'शेवटचं पान मात्र खरं आहे.' त्याने एक पान मागे येऊन पुन्हा वाचलं. विझणारे दिवे, उंचावलेली मूठ, जिंकलो. त्याने ते वाक्य बोटाने गिरवलं. बाबांनी पाठवलेला हुकूम असावा तसं.

रविवारी काकांपुढे उभं राहून त्याने आपल्या मोडक्या मराठीत लिहिलं, 'एक नंबर पुस्तक. मला ईशान बनायचं आहे. बाबा बरोबर बोलतात.' काकांनी कौतुकाने मान डोलावली आणि त्याला मीच पुन्हा हवा होतो म्हणून मला परत त्याच्या हाती दिलं.

जानकीपुरम तेव्हा अर्धवट बांधलेलं होतं. जिकडेतिकडे विटांचे चट्टे, वाळूचे ढीग, कठडे नसलेल्या गच्च्या. नाल्यापलीकडच्या मुलांशी रणजितच्या टोळीचं मैदानावरून भांडण होतं. आधी ते शिव्यांचं होतं, मग काठ्यांचं झालं. मी पँटच्या मागे कमरेत खोचलेला असायचो, घामाने भिजायचो, आणि लढाईआधी उघडला जायचो. कुठे शत्रूला कोंडायचं, कुठे वरून दगड सोडायचे, सगळ्याच्या खाली पेन्सिलीच्या रेघा. एका मुलाचा दात माझ्या अठ्ठ्याण्णवाव्या पानामुळे पडला. दुसऱ्याचं मनगट मोडलं, त्याचा कट असा आवाज मला कमरेतून ऐकू आला. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला थोडं बरंही वाटलं होतं. इतकं मन लावून कोण वाचतं हो पुस्तक?

एकशे चाळिसाव्या पानावर 'चिमणीचा डाव' आहे. पथकातली सगळ्यात लहान मुलगी चिमणी. ईशान तिला उघड्यावर एकटी उभी करतो. शत्रू तिच्याभोवती गोळा होतात. ईशान दहापर्यंत आकडे मोजतो आणि मग तिन्ही बाजूंनी मारा करतो. चिमणीला ओरखडाही येत नाही.

रणजितने त्या दुपारी चिमणी म्हणून ऋषभला निवडलं. ऋषभ लतिकाबाईंचा मुलगा, अकरा वर्षांचा, हलका, चष्मेवाला. त्याने मला वाचलं नव्हतं. रणजित सांगेल तेवढीच गोष्ट त्याला माहीत, आणि रणजित सांगेल ते खरं.

"देख, तू यहाँ खड़ा रहेगा. भागना मत, चाहे कुछ भी हो," रणजित म्हणाला.

"और वो लोग मारेंगे तो?"

"चिमणी को कुछ नहीं होता, यार. किताब में लिखा है."

ऋषभने चष्मा काढून खिशात ठेवला आणि वाळूच्या ढिगासमोर जाऊन उभा राहिला. उन्हाळ्यातली भाजणारी लू वाहत होती. वर गच्चीवर रणजित, दोन्ही बाजूंना विटांच्या चट्ट्यांमागे त्याच्या टोळीतली मुलं, प्रत्येकाजवळ विटांच्या तुकड्यांचा ढीग. रणजितच्या हातात गुलेल होती आणि तिच्यात सायकलच्या बेअरिंगमधली लोखंडी गोळी.

नाल्यापलीकडून सात जण आले. एकटा ऋषभ बघून त्यांना आधी खरंच वाटेना. मग पहिल्याने थोबाडीत मारली. ऋषभ पडला, उठला, पुन्हा त्याच जागी उभा राहिला. त्याचं ते उभं राहणं बघून त्यांना जास्तच चेव आला. एकाने पोटात लाथ घातली. सगळ्यात मोठ्या मुलाने हातातली सायकलची साखळी त्याच्या गळ्यात टाकली आणि ओढली.

गच्चीवर रणजित आकडे मोजत होता. मोजत होता, मित्रांनो! चार. पाच. ऋषभच्या नाकातून रक्त आलं. सहा. सात. त्याने वर गच्चीकडे एकदा पाहिलं, पण पळाला नाही. माझ्यात दहा लिहिले होते म्हणून रणजितने दहा मोजले. तीन लिहिले असते तर तीन मोजले असते. हे माझ्या मनातून अजून जात नाही.

"फायर!"

तिन्ही बाजूंनी विटा सुटल्या. एकाचं डोकं फुटलं आणि रक्त थेट भुवईवरून खाली आलं. एक जण खांदा धरून वाळूत लोळू लागला. लाल भुकटीचा धूर झाला. साखळीवाला मोठा मुलगा ऋषभला पुढे धरून मागे सरकत होता. रणजितने गुलेल ताणली, त्याच्या कपाळाचा नेम धरला आणि सोडली. मुलगा खाली वाकला. गोळी ऋषभच्या डाव्या डोळ्यात गेली.

शत्रू पळत सुटले. विटांमागून पोरं ओरडली, "जीत गए!" रणजितची मूठ वर गेली. खाली बघायच्या आधी वर गेली.

ऋषभ अजून उभाच होता. दोन्ही हात चेहऱ्यावर, बोटांमधून रक्त कोपरापर्यंत येत होतं. त्याने हळूच विचारलं, "हो गया, रणजित भैया? अब हटूँ?"

रणजित गच्चीवरून सरळ वाळूत उडी टाकून खाली आला. मी त्याच्या कमरेतून निसटून पडलो, उघडाच. ऋषभच्या बोटांतलं रक्त माझ्यावर ठिबकलं. एकशे चाळिसाव्या पानावर तो डाग आहे, आता तो तपकिरी झाला आहे. मधुकरकाका नव्या वाचकांना तो चहाचा आहे असं सांगत नाहीत.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डावा डोळा काढला. उजव्याबरोबर डावीकडची जखम हलू नये म्हणून काही आठवडे दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली.

चंद्रप्रभांनी रणजितला अंगणात, सगळ्यांसमोर लाटण्याने मारलं. पाठीवर, दंडावर, जिथे लागेल तिथे. तो हाताने अडवत नव्हता. लाटणं मोडलं तेव्हा त्या हातातल्या तुकड्याकडे बघत राहिल्या. "तिकडं बाप मरणाच्या दारात, आणि हे कार्टं इकडं रणांगण मांडतंय," एवढंच म्हणून त्या पायरीवर बसल्या आणि मोठ्याने रडल्या.

मला वाळूतून विनय यांनी उचललं होतं. ऋषभचे वडील तसे शांत माणूस. त्या दिवशी घरात उभं राहून त्यांनी पेन्सिलीच्या रेघा असलेलं एकशे चाळिसावं पान वाचलं, आणि मला अंगातली सगळी ताकद लावून भिंतीवर फेकलं. माझी पाठ फुटली. शिवण तुटली. जमिनीवरून पुन्हा उचलून पुन्हा फेकलं. मला दुखलं, पण मला त्यांचा राग आला नाही.

"रविवारी नेऊन जाळतो याला," ते म्हणाले. "तूच आणलंस ना मुलांच्या कपाटात?"

लतिकाबाई माझी सुटी पानं गोळा करायला खाली बसल्या. ते शेवटचं पान असताना रणजितने असं केलंच कसं, हे त्यांना कळेना. त्यांनी ते शोधलं. दोनशे अकरा उलटलं, समोर आखलेला कागद. त्या तशाच उठून शेजारच्या घरी गेल्या. मी त्यांच्या हातात होतो.

"रणजित, शेवटचं पान वाचलं होतंस तू?"

"हाँ आंटी. जिंकलो वाला." त्याने मान वर केली नाही.

"त्याच्या पुढचं?"

"उसके आगे तो बस बाबा का अभिप्राय है."



रविवारी वाचनालयात इतकी गर्दी मी पहिल्यांदा पाहिली. विनय यांच्या हातात काडेपेटी होती. कुणीही त्यांना थांबवत नव्हतं. उलट एकाने बाहेरच्या नळाजवळ रद्दीही पसरली. लतिकाबाईंनी मला काकांपुढे टेबलावर ठेवलं. "जाळण्याआधी एवढं बघा," त्या म्हणाल्या.

काकांनी ते पान खिडकीच्या उजेडात धरलं. नवा कागद, खळ आणि त्याच्या आतून अकरा ओळींची सावली. आज त्यांच्या नाकावर चष्मा होता.

"जाहिरात नव्हती ही," ते म्हणाले. मग खोलीकडे वळून म्हणाले, "मी चिकटवलं. माझ्या हाताने. तीन वर्षं मी हे पुस्तक अर्धं तोडून मुलांच्या हातात देतोय."

चहाची किटली उकळत होती. काकांनी मला तिच्या वाफेवर धरलं. मित्रांनो, पुस्तकाला वाफ म्हणजे काय ते विचारू नका. कातडी सोलल्यासारखं होतं. खळ सुटत गेली, मोरचुदाचे निळसर डाग राहिले, पण अक्षरं शाबूत होती. काकांनी वाचलं आणि मला विनय यांच्याकडे दिलं. विनय यांनी उभ्याने वाचलं. दोनदा वाचलं. मग काडेपेटी खिशात ठेवली.

"पुस्तक राहू दे," ते म्हणाले. "पण त्या मुलाला या कपाटातलं एकही पुस्तक पुन्हा मिळता कामा नये."

कुणी विरोध केला नाही. काकांनी रणजितचं कार्ड टेबलाच्या खणात ठेवून खण बंद केला.

लतिकाबाईंनी मात्र मला आपल्या नावावर घरी नेलं आणि दुसऱ्याच दिवशी रणजितला बोलावलं. पट्टीखाली पडून राहिलेल्या ऋषभजवळ खुर्ची ओढली आणि मला रणजितच्या हातात दिलं. "मोठ्याने वाच. पहिल्यापासून. मराठी अडलं तर मला विचार, पण एक ओळ गाळायची नाही."

नऊ दुपारी तो वाचत होता. घरी विनय नसत तेव्हा. एकशे चाळिसाव्या पानाशी डाग बघून तो थांबला. "पढ़ ना," ऋषभ म्हणाला. नवव्या दिवशी तो दोनशे अकराव्या पानावर आला. 'जिंकलो' हा शब्द त्याने इतक्या हळू वाचला की तो मलाच जेमतेम ऐकू आला. मग त्याने पान उलटलं, आणि तीन वर्षांनी मुलांसमोर माझा आवाज परत आला.

'ईशान एकटाच खाली उतरला. शत्रूच्या घुमटात हवा नव्हती, आवाज नव्हता. शेवटच्या खोलीचं दार उघडंच होतं. आत अकरा लहान खुर्च्या होत्या. अकराही खुर्च्यांवर मुलं बसली होती. पहिल्या खुर्चीवरच्या मुलाचं बोट अजून कळीवर होतं. त्याची नखं कुरतडलेली होती, ईशानच्या नखांसारखी. ईशान त्याच्यासमोर जमिनीवर बसला. त्याने आपलं नाव सांगितलं. मग त्याचं नाव विचारलं आणि उत्तराची वाट बघत राहिला.'

रणजितने आपली बोटं मुठीत लपवली.

"फिर?" ऋषभने विचारलं.

"बस. यहीं ख़तम है."

"कितनी देर बैठा रहा वो?"

"लिखा नहीं है."

रणजित खुर्चीवरून उतरून पलंगाशेजारी जमिनीवर बसला. संध्याकाळी लतिकाबाईंनी उठवेपर्यंत तो तिथेच होता.

पुढच्या रविवारी तो मला परत करायला एकटाच गेला. त्याने काकांकडे पुस्तक मागितलं नाही, खोडरबर मागितलं. मग शाई खोडरबराने जात नाही हे लक्षात येऊन म्हणाला, "काका, मेरा वाला अभिप्राय काट दूँ?"

"नाही बाळ," काका म्हणाले. "खोडायचं नाही. तुला तेव्हा वाटलं ते वाटलं. माझी चूकसुद्धा मी फाडून टाकलेली नाही, बघ." सोललेला कागद त्यांनी माझ्यातच घडी घालून ठेवला होता. तो अजून आहे.

ऑक्टोबरात सुभेदार जयसिंग परतले. डाव्या पायात छर्रे राहिलेले, काठी टेकत वाचनालयाची पायरी चढले. त्यांनी आपलं जुनं वाक्य वाचलं, मग घडी घातलेल्या कागदावर मुलाचं वाचलं, 'बाबा बरोबर बोलतात.'

"चूक माझी पण आहे, काका," ते म्हणाले. "निरोप धाडताना आकडा लिहायला पाहिजे होता. फौजेत एवढं तरी शिकलोय." त्यांनी पेन मागितलं आणि आपल्या वाक्यापुढे, पूर्वीसारखंच दाबून लिहिलं, 'पान २१२.' जाताना त्यांनी आपली जुनी पँट काकांकडे दिली. "पाठ फुटलीय त्याची. हे कापड फाटत नाही." काकांनी ती कापून मला नव्याने बांधलं.

नोव्हेंबरात एका रविवारी विनय ऋषभला घेऊन आले. ऋषभच्या चष्म्याची डावी काच दुधी होती. "मला अभिप्राय लिहायचाय," तो मराठीत म्हणाला. काका म्हणाले, "पुस्तक तुझ्या नावावर नव्हतं रे." तो म्हणाला, "ऐकलंय ना पूरा." काकांनी पेन पुढे केलं.

त्याला रेघेचा अंदाज येत नव्हता. पेन कागदाच्या अलीकडेच हवेत टेकायचं. अक्षरं वर गेली, खाली गेली. विनय मागे उभे राहून वाचत होते.

'लेखकाने एक गोष्ट खोटी लिहिली. चिमणीला काहीच होत नाही. असं नसतं. बाकी किताब चांगली आहे. शेवट रणजितने चांगला वाचला. रणजितला पुढचं पुस्तक द्यावं.'

मुलाने माझी चूक धरली होती, आणि ती बरोबर होती. इतक्या वाचकांत ती एकालाही दिसली नव्हती. मला लाज वाटली.

काकांनी विनय यांच्याकडे पाहिलं. विनय खिडकीबाहेर बघत राहिले. मग त्यांनी स्वतः पुढे होऊन टेबलाचा खण ओढला, रणजितचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं, आणि मुलाचा हात धरून बाहेर गेले. पायरीवर ऋषभ अडखळला, कारण डावी बाजू त्याला दिसली नाही.

मित्रांनो, मला जपा. कव्हर घाला, पानं दुमडू नका, ओल्या हाताने धरू नका. तुम्हाला काय वाटलं ते मोकळेपणाने लिहा, फक्त माझ्या शब्दांवर चिकटवू नका. आणि माझ्यासारखं एखादं पुस्तक वाचताना कुणी मूठ उंचावून 'जिंकलो' म्हणालं, तर तिथे थांबू नका. अजून एक पान उलटा. खुर्चीवर कोण बसलं आहे ते बघा, आणि त्याला उत्तर देता येतंय तोवर त्याचं नाव विचारा.